नेट ‘जोडलेलं’ आहे म्हणे, पण एकही पान उघडत नाही

उंबरठा | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. टेबलावरचा संगणक, विंडोज १०, राउटरला वायरने जोडलेला. शनिवारी रात्री व्यवस्थित बंद केला. रविवारी सकाळी सुरू केला तर खाली कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा, आणि त्यावर बाण नेला की ‘नो इंटरनेट’. नेटवर्कच्या पानावर मात्र ‘कनेक्टेड’ लिहिलेलं. जोडलेलंही आहे आणि नाहीही, म्हणजे नक्की काय समजायचं?

आतापर्यंत केलेले उद्योग: संगणक पाच-सहा वेळा बंद-चालू, वायर बदलली, विंडोजचा ट्रबलशूटर चालवला (त्याचं म्हणणं ‘डीएनएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही’), राउटर तीनदा बंद करून चालू केला. तिसऱ्यांदा चक्क नेट आलं! अर्धा तास चाललं. मी उठून बाहेर गेलो, परत आलो तर संगणक झोपलेला, उठवला तर पुन्हा गोळा.

घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप वायफायवर छान चालतात. नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले आमच्याकडून लाइन ठीक आहे, तुमचा संगणकच तपासा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ९.५२

फॉरमॅट मारा. दोन तासांचं काम. मी दर सहा महिन्यांनी मारतो, कधी त्रास नाही.

तिरपागडा | सोमवार, रात्री ९.५८

डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदला. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४, तिथे ८.८.८.८ आणि दुसऱ्या रकान्यात १.१.१.१ टाका. ट्रबलशूटर तेच तर ओरडतोय. माझ्याकडे दहापैकी आठ वेळा यानेच जमलंय.

जुनाखोड | सोमवार, रात्री १०.१५

रिकामटेकडा, किल्ली सापडत नाही म्हणून भिंत पाडायची का? थोडं थांबा.

उंबरठा, काहीही बदलण्याआधी आहे ते बघू. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिथे ‘आयपीकॉन्फिग’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘ऑल’ (अर्थात इंग्रजीत). बरीच लांब यादी येईल, त्यातल्या इथरनेटच्या (वायरच्या जोडणीच्या) पाच ओळी इथे लिहा: आयपीव्ही४ पत्ता, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर, डीएनएस सर्व्हर. आकडे जसेच्या तसे. गोळाबेरीज नको.

‘कनेक्टेड’चा अर्थ इतकाच की वायरच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जिवंत आहे. तो कोण आहे आणि त्याला पुढचा रस्ता माहीत आहे का, हे त्या शब्दात येत नाही.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०.३१

खोडकाकांच्या म्हणण्यात भर. ‘नो इंटरनेट’ हे विंडोज कसं ठरवतं, तेही गमतीचं आहे. ते गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटीशी फाइल मागतं. त्या फाइलीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढे तीनच शब्द असतात. ते आले तर नेट आहे, नाही आले तर गोळा. त्यामुळे कधीकधी नेट चालू असूनही गोळा दिसतो, कारण फायरवॉलने किंवा व्हीपीएनने नेमकी तीच फाइल अडवलेली असते. उंबरठा, तुमची पानं खरंच उघडत नाहीत ना? की नुसत्या गोळ्याला घाबरलात?

उंबरठा | सोमवार, रात्री १०.४४

अर्धविराम, खरंच उघडत नाहीत हो. एकही नाही.

तिरपागडा, ८.८.८.८ टाकून बघितलं. फरक शून्य.

खोडकाका, यादी काढली. पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेही आहे, डीएनएसमध्ये आता ८.८.८.८. म्हणजे सगळं ठीक दिसतंय ना?

जुनाखोड | सोमवार, रात्री १०.५०

‘१९२.१६८ ने सुरू होतो’ म्हणजे घराचा पत्ता विचारल्यावर नुसतं गावाचं नाव सांगण्यासारखं झालं. पूर्ण आकडे लिहा की राव.

निळीशाई | सोमवार, रात्री ११.०५

तोवर एक चटकन बघून घ्या: संगणकाचं घड्याळ. माझ्याकडे मागे असंच झालं होतं. गूगल उघडेना, मेल उघडेना, सगळीकडे ‘कनेक्शन खासगी नाही’ असलं काहीतरी. दोन दिवस राउटरच्या मागे लागले होते. मग सहज उजव्या कोपऱ्याकडे नजर गेली, तर तारीख कित्येक वर्षं मागची! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे. सुरक्षित संकेतस्थळांच्या सर्टिफिकेटला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाच्या मते ती सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मालाच यायची होती. नाण्याएवढा सेल बदलला आणि सुटले.

उंबरठा | सोमवार, रात्री ११.१२

घड्याळ बरोबर आहे ताई. सेकंदाचाही फरक नाही. आता झोपतो, उद्या आकडे देतो.

पायवाट | मंगळवार, सकाळी ७.२०

माझा अनुभव थोडा वेगळा, पण कोणाला तरी उपयोगी पडेल. माझ्याकडे गूगलचं पान उघडायचं, शोधही व्हायचा, पण निकालावर क्लिक केलं की चक्र फिरतच राहायचं. छोटी पानं येत, मोठी येत नसत. शेवटी कळलं की एमटीयूचा, म्हणजे एका गठ्ठ्याच्या कमाल आकाराचा घोळ. इथरनेटवर एका वेळी १५०० बाइटचा गठ्ठा जातो, पण माझी लाइन पीपीपीओई (लॉगिन करून जोडली जाणारी) होती, त्यात ८ बाइट वेष्टनाला जातात, उरतात १४९२. मोठे गठ्ठे वाटेतच अडकत होते आणि ‘अडकलो’ हा निरोपही परत येत नव्हता. पिंगमध्ये (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणारा आदेश) ‘तुकडे करू नको’ हा पर्याय देऊन आकार बदलत गेलो, १४७२ जाईना, १४६४ गेला. राउटरमध्ये १४९२ भरलं, काम झालं. (१४६४ आणि १४९२ मधले २८ बाइट म्हणजे पिंगची स्वतःची मथळ्याची जागा.)

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ९.०१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

घ्या काका, चष्मा लावून लिहितोय:

आयपीव्ही४ पत्ता १९२.१६८.०.१०२
मास्क २५५.२५५.२५५.०
गेटवे १९२.१६८.०.१
डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१
डीएनएस ८.८.८.८ (कालचा उद्योग)

तिरपागडा | मंगळवार, संध्याकाळी ७.२८

पत्ता तर अगदी शहाण्यासारखा आहे. १६९.२५४ असता तर गोष्ट वेगळी होती.

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ७.३१

१६९.२५४ काय भानगड आहे?

जुनाखोड | मंगळवार, संध्याकाळी ७.५०

संगणक सुरू झाला की तो घरभर हाक मारतो, ‘कोणी पत्ता देतं का पत्ता?’ राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर ती हाक ऐकून एक पत्ता देतो, आणि सोबत बाहेरचं दार कुठलं, म्हणजे गेटवे, तेही सांगतो. हाकेला कोणीच ओ दिली नाही तर संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून बसतो. त्यावर बाहेर जाता येत नाही. तुमच्याकडे तसं झालेलं नाही. तुमच्या हाकेला ओ मिळाली आहे.

आता तीन गोष्टी करा. ‘पिंग १९२.१६८.०.१’ चालवून काय येतं ते सांगा. मग ‘पिंग ८.८.८.८’. आणि तुमच्या फोनवर वायफायच्या नावावर बोट दाबून त्याचा पत्ता आणि गेटवे काय दिसतो तो लिहा. हे करताना फोनचा मोबाइल डेटा बंद हवा. वायफायवर नेट नसलं तर बरेच फोन मुकाट्याने मोबाइल डेटाकडे वळतात आणि आपल्याला वाटतं वायफाय छान चालतंय.

अर्धविराम | मंगळवार, रात्री ८.०५

अवांतर: पिंग हे नाव पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून आलंय. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो प्रोग्रॅम लिहिला, तोही त्यांच्या प्रयोगशाळेतलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणूनच. उंबरठा आज जे करताहेत, नेमकं त्यासाठी.

उंबरठा | मंगळवार, रात्री ८.४०

पिंग १९२.१६८.०.१ ला चारही उत्तरं आली, एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात. जीव भांड्यात पडला.

पिंग ८.८.८.८ केलं तर गंमत. ‘१९२.१६८.०.१ कडून उत्तर: डेस्टिनेशन नेट अनरीचेबल’. चारही वेळा. म्हणजे राउटर स्वतःच सांगतोय की पुढे रस्ता नाही? मग फोनला कसा सापडतो?

डेटा बंद करून माझा फोन तपासला. नेट चालू आहे. पत्ता १९२.१६८.१.३४, गेटवे १९२.१६८.१.१.

मुलीच्या फोनचा डेटा बंद केला तर मागच्या खोलीत तिचं नेटच गेलं. हे मात्र माहीत नव्हतं.

जुनाखोड | मंगळवार, रात्री ८.४६

सापडलं.

तुमच्या फोनचा गेटवे आणि संगणकाचा गेटवे पुन्हा एकदा वाचा. तिसरा आकडा बघा.

घरात दुसरा राउटर आहे का?

उंबरठा | मंगळवार, रात्री ८.५२

एकात ० आणि एकात १. मला वाटलं होतं असेल काहीतरी आतलं.

दुसरा राउटर नाही काका. एकच आहे, दिवाणखान्यात, दोन वर्षांपूर्वी बसवलेला.

तिरपागडा | मंगळवार, रात्री ९.००

अहो पण मग १९२.१६८.०.१ वरून उत्तर कोण देतंय? भूत?

जुनाखोड | मंगळवार, रात्री ९.१०

भुतालाही मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला बनवतानाच दिलेला क्रमांक, असतो. काळ्या खिडकीत ‘एआरपी’ आणि पुढे ‘-ए’ द्या. १९२.१६८.०.१ समोर बारा आकडे-अक्षरांची जोड्याजोड्यांची माळ दिसेल. आता राउटर उलटा करा, खाली चिठ्ठीवर त्याचा मॅक छापलेला असतो. शेवटची एखादी जोडी वेगळी असली तर चालेल, पहिल्या तीन जोड्या बघा. त्या बनवणाऱ्या कंपनीला दिलेल्या असतात.

आणि उलटा केलाच आहात तर मागच्या भोकांत किती वायरी आहेत, त्याही मोजा.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९.३३

पहिल्या तीन जोड्या पूर्ण वेगळ्या. दुसऱ्याच कंपनीचा दिसतोय.

वायरी: बाहेरून येणारी एक. माझ्या संगणकाची निळी. आणि एक पिवळी.

पिवळी कुठे जाते?

निळीशाई | मंगळवार, रात्री ९.३५

अरे देवा, आता जा बघायला! आम्ही सगळे इथेच बसलोय.

उंबरठा | मंगळवार, रात्री १०.०२

पिवळी वायर भिंतीच्या कडेने, कपाटामागून, दाराच्या चौकटीखालून मागच्या खोलीत जाते. तिथे पुस्तकांच्या फळीवर, दोन शब्दकोशांच्या मध्ये, आमचा जुना राउटर. दोन वर्षं माळ्यावर पडून होता तो. हिरवे दिवे लुकलुकतायत.

मुलीने मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून शनिवारी रात्री स्वतः बसवला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “बाबा, सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात आणि ‘बरं’ म्हणालात.”

ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं तर त्याच जुन्या राउटरचं लॉगिनचं पान उघडलं. म्हणजे तीन दिवसांत एक पान उघडलं म्हणायचं.

जुनाखोड | मंगळवार, रात्री १०.२५

लेकीचं कौतुक करा, रागावू नका. वायर बरोबर टाकली आहे, फक्त जुन्या राउटरमधला डीएचसीपी चालू राहिला. त्यामुळे घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. संगणकाने हाक मारली की दोघंही ओ देतात, आणि सहसा ज्याची ओ आधी पोचते त्याचा पत्ता संगणक घेतो. नव्याने दिला तर नेट चालतं. जुन्याने दिला तर तो म्हणतो ‘बाहेर जायचं तर माझ्या दारातून जा’, आणि त्याचं बाहेरचं भोक तर रिकामं! म्हणून ‘अनरीचेबल’.

तुमचा अर्धा तासही यातच आला. राउटर तिसऱ्यांदा चालू केलात तेव्हा नव्याने शर्यत जिंकली. मग संगणक झोपला, उठल्यावर त्याने पुन्हा हाक मारली आणि तेव्हा जुना जिंकला. तुमच्या फोनला नव्याकडचा पत्ता मिळालेला होता, तो त्यालाच धरून राहिला. लेकीच्या फोनला जुन्याने गाठलं, पण मोबाइल डेटाने झाकून घेतलं.

तिरपागडा, यात डीएनएस कितीही बदलला असतात तरी शून्य. ८.८.८.८ पर्यंत जायचा रस्ताच चुकीच्या दारातून होता.

तिरपागडा | मंगळवार, रात्री १०.३०

मान्य. दहापैकी आठवरून सातवर येतो.

निळीशाई | मंगळवार, रात्री १०.४८

डीएनएसवरून आठवलं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने डीएनएसचेंजर नावाचं व्हायरस प्रकरण उघडकीला आणलं होतं. तो लोकांच्या संगणकातले डीएनएस पत्ते गुपचूप बदलून चोरांच्या सर्व्हरकडे वळवायचा. चोर पकडले, पण ते सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखो संगणक एका रात्रीत ‘जोडलेले पण नेट नाही’ झाले असते. म्हणून त्यांच्या जागी काही महिने स्वच्छ सर्व्हर चालवले आणि ९ जुलै २०१२ ला बंद केले. तोवर ज्यांनी संगणक साफ केला नव्हता, त्यांना त्या दिवशी गोळा दिसला. कोणीही सांगितलेला डीएनएस टाकू नये तो यासाठी. (८.८.८.८ गूगलचा आणि १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ते ठीक आहेत.)

उंबरठा | मंगळवार, रात्री १०.५५

जुना राउटर काढून टाकला तर मुलीची रेंज जाईल. ठेवून जमेल का?

जुनाखोड | मंगळवार, रात्री ११.१०

जमेल, छान जमेल. पिवळी वायर तात्पुरती काढा. संगणक जुन्या राउटरला जोडा, आकडे लिहिलेल्या भोकात. क्रम महत्त्वाचा: आधी लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो पुन्हा सुरू होईल, मग नव्या पत्त्यावर लॉगिन करा, आणि मगच डीएचसीपी सर्व्हर बंद. नंतर पिवळी वायर आकडे लिहिलेल्याच भोकात, वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’मध्ये (बाहेरच्या लाइनच्या भोकात) नाही. वायफायचा चॅनेल दोन्हींचा वेगळा ठेवा, एकाचा १ तर दुसऱ्याचा ६ किंवा ११. नव्या राउटरमध्ये पत्ते कुठून कुठपर्यंत वाटले जातात तेही बघा. त्या यादीत .२ नको.

उंबरठा | बुधवार, रात्री ८.२०

क्रम चुकलो. डीएचसीपी आधी बंद केला.

राउटर पुन्हा सुरू झाला आणि संगणकाला १६९.२५४.११.७० असा पत्ता! काल फक्त ऐकला होता, आज दर्शन झालं. आता जुन्या राउटरचं पानच उघडत नाही.

जुनाखोड | बुधवार, रात्री ८.३२

हाकेला ओ देणाऱ्याचं तोंड तुम्ही बांधलंत, म्हणून. काही बिघडलेलं नाही. ८.८.८.८ जिथे टाकला होतात तिथेच हाताने आयपी १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.० भरा. पान उघडेल. राउटरचा पत्ता १.२ करा. मग परत येऊन आयपी आणि डीएनएस दोन्ही ‘आपोआप’वर ठेवा. हे शेवटचं विसरू नका, यात भलेभले अडकतात.

उंबरठा | बुधवार, रात्री ९.१५

झालं! संगणकाला १९२.१६८.१.३६, गेटवे १९२.१६८.१.१. मुद्दाम चार वेळा झोपवला आणि उठवला, चारही वेळा नेट आहे. मुलीचा फोन मागच्या खोलीत डेटा बंद ठेवूनही चालतोय.

‘आपोआप’वर ठेवायचं विसरलो होतो. दहा मिनिटं घाम फुटला. मुलीनेच आठवण केली, ती माझ्या खांद्यावरून हा धागा वाचत होती.

सगळ्यांचे मनापासून आभार. खोडकाका, तुम्हाला दंडवत.

रिकामटेकडा | बुधवार, रात्री ९.४०

म्हणजे फॉरमॅट मारला असता तर?

अर्धविराम | बुधवार, रात्री ९.४२

तर कोऱ्या विंडोजवर गोळा दिसला असता. कदाचित जरा ताजातवाना.

काजवा | शनिवार, दुपारी १.१०

धागा वर काढतोय. माझंही अगदी हेच झालंय! राउटर एकच आहे, भिंतीच्या कडा तपासल्या. पिंग ८.८.८.८ ला उत्तर येतं, नावाने पिंग केलं तरी येतं, पण ब्राउझरमध्ये काही उघडत नाही. काल एक जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर काढून टाकलं, त्यानंतर सुरू झालं.

जुनाखोड | शनिवार, दुपारी १.३५

मग हे अगदी हेच नाही. तुमचा रस्ता शाबूत आहे, नावंही सापडताहेत, अडतंय फक्त ब्राउझरपाशी. सेटिंग्ज, नेटवर्क, त्यात प्रॉक्सी. ‘मॅन्युअल प्रॉक्सी’चं बटण चालू असेल आणि पत्त्यात १२७.०.०.१ दिसेल. तो पत्ता म्हणजे संगणक स्वतःच. ते सॉफ्टवेअर मध्ये बसून सगळी पानं गाळत होतं. ते गेलं, पण जाताना पाटी तशीच ठेवून गेलं. बटण बंद करा.

काजवा | शनिवार, दुपारी १.४१

१२७.०.०.१ च होतं. बंद केलं, उघडलं. हे त्याच संगणकावरून लिहितोय.

उंबरठा | शनिवार, दुपारी २.०५

जाता जाता: जुन्या राउटरवर मुलीने चिठ्ठी चिकटवली आहे. ‘पत्ता १९२.१६८.१.२. डीएचसीपी बंद. बाबांना सांगितले आहे.’ खाली तारीख, आणि माझी सही घेतली.